घरात आंबो, शाळेत आंबा : गोव्यातल्या आमच्या मराठी शाळा

पेडणे, १९७५ ते ७९

आमच्या वाड्यावरची सरकारी मराठी प्राथमिक शाळा गेल्या जूनपासून भरत नाही. शेवटच्या वर्षी पटावर चार मुलं होती. ती आता शेजारच्या गावात जातात. इमारत आहे तिथेच आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी नळे, म्हणजे कौलं, दारात दासणीची, म्हणजे जास्वंदीची, दोन झाडं. परवा थोडं सामान हलवायचं म्हणून कुलूप काढलं तेव्हा मीही आत गेले. फळ्यावर एप्रिलमधली तारीख तशीच होती. खाली कोपऱ्यात बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पट ४, हजर ४'. तेवढं वाचलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

मी या शाळेत पहिली ते चौथी होते. घरी कोकणी. मराठी कानावर पडायची ती आजोबांच्या पोथीतून आणि भजनातून, पण बोलायची कुणाशी? पहिल्या दिवशी तहान लागली तेव्हा उभी राहून विचारलं, "बाई, उदक पियेवंक वचूं?" सगळी मोठी मुलं हसली. बाई वेंगुर्ल्याकडच्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वच, आणि परत येताना पाणी म्हणत ये." घागरीपासून जागेपर्यंत मी पाणी, पाणी, पाणी म्हणत आले.

लिहायला लागल्यावर आम्ही सगळेच आंबो, घोडो, झगो असं लिहायचो. बाई त्यावर काट मारत नसत. शेजारी आंबा असं लिहीत आणि सांगत, घरात आंबो, शाळेत आंबा. इतकंच. आपलं घरचं बोलणं चुकीचं आहे असं मला त्या चार वर्षांत एकदाही वाटलं नाही. याचं मोल मला माझी मुलं शाळेत जायला लागल्यावर कळलं.

शाळा बंद होतात तेव्हा कागदावर एक ओळ असते. आत काय होतं ते त्या ओळीत मावत नाही, म्हणून हे लिहायला बोलावतेय. तालुका आणि साल दिलं की पुरे. शाळेचं नाव, माणसांची नावं नकोत. मोठेपणी काय झालात ते राहू द्या. खोलीत काय होतं, कोण होतं, शाळा उभी कुणी ठेवली ते लिहा. ज्यांनी शिकवलं त्यांनीही लिहा.

फोंडा, १९६४ ते ६८

आमच्या गावात मास्तर आधी आले, शाळा मागाहून आली. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचं पहिलं सरकार आलं आणि त्यानंतर वाड्यावाड्यावर शाळा निघाल्या. इमारती कुठून असणार? आमची शाळा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घराच्या पडवीत सुरू झाली.

आम्ही त्यांचे मुंडकार, म्हणजे त्यांच्या जमिनीत घर करून राहणारे. माझा बापूय त्या घराच्या अंगणात रोज जायचा. नारळ सोलायचा, लाकडं फोडायचा. पडवीच्या पायऱ्या तो कधी चढलेला मी पाहिला नव्हता. मला घेऊन आला तेव्हाही अंगणातच उभा राहिला. मला पुढे ढकललं आणि म्हणाला, "वच." मी सात वर्षांचा. पडवीची जमीन शेणाने सारवलेली, ओलसर होती. माझ्या पायाचे ठसे उमटले ते बघून मी तिथेच थांबलो. मास्तरांनी नाव विचारलं, ते मी सांगितलं. बापाचं नाव विचारलं, ते बापाने अंगणातून ओरडून सांगितलं. मास्तरांनी मान वर करून बघितलं. मग रजिस्टर आणि शाईची डबी घेऊन ते पायऱ्या उतरून खाली गेले आणि अंगणात उभं राहून त्याचा अंगठा घेतला. वर ये म्हणाले असते तर तो आला नसता. हे त्या परगावच्या माणसाला पहिल्याच दिवशी कसं कळलं, याचा मी आजही विचार करतो.

पुढच्या वर्षी गावाने शाळेसाठी झोपडं घातलं. बापाने मल्लां, म्हणजे छपराची झापं, विणली. चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, चार दिवस व्हाळाच्या पाण्यात भिजत घालायची, मधल्या दांड्यावर चिरून दोन फाकी करायच्या, मग पात्यांची एकावर एक वीण घालत जायचं. बैठक मारून तो दिवसाला वीसेक मल्लां विणायचा. आमच्या वर्गावर त्याने विणलेलं छप्पर होतं आणि मला त्यातली त्याची मल्लां ओळखू यायची, कारण शेवटची गाठ तो उलटी मारायचा. कंटाळा आला की मी वर बघून ती मोजायचो. दर शनिवारी आम्ही शेण गोळा करून आणायचो आणि मुली जमीन सारवायच्या. मुलग्यांनी का सारवू नये असं तेव्हा कुणी विचारलं नाही, आज विचारावंसं वाटतं.

एक गोष्ट शाळेनंतरची आहे, तरी लिहितो. १९७५ साली मुंडकार कायदा झाला. घरातून कुणी असंच उठवू शकणार नाही, असा. वर्तमानपत्रात मराठीत आलेला त्याचा मजकूर मी बापाला दोनदा वाचून दाखवला. प्रत्येक वेळी 'मुंडकार' हा शब्द आला की तो मान हलवायचा, कुणी हाक मारल्यासारखी.

पणजी (आजोबांकडून ऐकलेलं)

माझी स्वतःची शाळा शहरातली, तिच्यात वेगळं असं काही नाही. आजोबांची सांगतो. ते फोंडा महालात देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, शिकले. पोर्तुगीज सरकार मराठी शाळांना पैसा देत नव्हतं. लोकच मास्तर आणून ठेवायचे. मास्तरांचं जेवण आळीपाळीने घराघरांतून, आणि वर्षाचं भात व नारळ. आधी धूळपाटीवर बोटाने अक्षरं, मग बोरू. पावकी, निमकी, दीडकी आजोबा नव्वदीतही म्हणून दाखवायचे.

सरकारी नोकरी हवी तर पोर्तुगीज लागायचं, त्यामुळे 'प्रिमेर' आणि 'सेगुंद ग्राव' या परीक्षांसाठी दुसरीकडे दुसरे मास्तर. सकाळी एक लिपी, दुपारी दुसरी. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना थोडी मोकळीक मिळाली. मराठी शाळांना त्यानंतर बळ आलं, असं ते सांगत.

पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. नावातच सगळं आहे. घरोघरी स्वयंपाकाचे तांदूळ घेताना एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची, ते तांदूळ जमवून शाळेचा खर्च. आमच्या आजीला ती सवय शेवटपर्यंत होती. मडकं नव्हतं, शाळेची गरज उरली नव्हती, तरी ती मापातून एक मूठ उचलायची, जरा थांबायची आणि परत आत टाकायची.

डिचोली, १९७६ ते ८०

खाणीचा रस्ता शाळेला लागून. खनिजाचे ट्रक सकाळपासून सुरू व्हायचे. खिडकीच्या गजांवर, बाकांवर, वह्यांच्या कडांवर तांबडी धूळ. पांढरा शर्ट आठवड्यात गुलाबी. ट्रक आला की मास्तर बोलायचे थांबत आणि आम्ही म्हणत असलेली कविताही थांबे. ट्रक गेला की पुढचा शब्द. त्यामुळे पाठ झालेल्या कविता मी अजून चुकीच्या जागी थांबून म्हणतो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा एकदा शाळेकडे जाऊन उभा राहिलो. आतल्या मुलांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आमच्या वेळी तो कधी आला नसेल.

केपे, १९६३ ते ६७

मी चौथीत असताना जनमत कौल झाला, १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात जायचं त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, वेगळं राहायचं त्यांनी दोन पानांवर. आमचे काका फूल, मामा दोन पानं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दोघांची पंगत वेगळी मांडावी लागली होती. मुलंही शाळेच्या भिंतीवर कोळशाने फूल काढायची, पुढच्या सुट्टीत दुसरं कुणी दोन पानं काढायचं. आमच्या मास्तरांनी एक दिवस बादली आणून स्वतः भिंत धुतली. कुणालाही ओरडले नाहीत. त्यांचं मत काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यासाठी मी त्यांना मानतो.

थोरला भाऊ मुक्तीआधी पोर्तुगीज शाळेत गेला होता. त्याच्या तळहातांनी 'पाल्मातोर' खाल्लेली. दांडा असलेली लाकडाची जाड गोल चकती. मराठी शाळेत छडीच होती, पण मास्तर ती मुख्यतः नकाशावर नद्या दाखवायला वापरायचे.

सत्तरी, १९८३ ते ८७

शाळा म्हटलं की मला सरस्वतीपूजनच आठवतं. गोव्याबाहेरच्या मित्रांना हे समजावून सांगावं लागतं. नवरात्रात आमच्या प्राथमिक शाळांतून सरस्वतीची मूर्ती आणून पूजा करतात आणि तो दिवस फक्त मुलांचा नसतो, आख्ख्या गावाचा असतो. चवथ झाली की तयारीला सुरुवात.

पहिलं काम फळ्याचं. वर्षभर पुसून पुसून तो राखाडी झालेला असायचा. आम्ही टॉर्चचे संपलेले सेल गोळा करायचो, दगडाने फोडून आतली काळी पूड काढायचो, त्यात चुलीतला कोळसा कुटून घालायचा. दुदयाची, म्हणजे भोपळ्याची, कोवळी पानं चुरगाळली की हिरवा चिकट रस येतो. त्या रसात काळं कालवून पानांच्याच बोळ्याने फळा घासायचा, वरून खाली, एकाच दिशेने. आडवा हात मारला तर पट्टे उमटतात. चौथीतली मुलं हे करायची, तिसरीतली बघायची, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांना येई. तीन हात दिले की फळा असा काळा व्हायचा की त्यावर पहिली रेघ ओढायला भीती वाटायची. कोपरापर्यंत काळे झालेले हात आम्ही मुद्दाम दोन दिवस धूत नसू.

मूर्ती चिताऱ्याकडून डोक्यावरून आणायची, रस्ताभर झांजा. सगळ्यांची पुस्तकं आणि पाट्या देवीपुढे रचायच्या. ती उठेपर्यंत कुणी अक्षर वाचायचं नाही असा नियम, आणि नेमक्या त्याच दिवशी मला कागदाचा कुठलाही तुकडा दिसला की वाचावासा वाटायचा. संध्याकाळी आयांच्या फुगड्या, रात्री गॅसबत्तीच्या उजेडात मुलांचं नाटक. बाक जोडून रंगमंच, आईच्या दोन साड्या म्हणजे पडदा.

आणि पावणी. देवीपुढची फळं, नारळ, केळ्यांचे घड यांचा लिलाव. आमच्या वाड्यावर एक काका होते, कुळागरात मजुरी करायचे. दर वर्षी ते एक केळ्यांचा घड आणून देवीला ठेवायचे आणि पावणीत तोच घड बोली लावून विकत घ्यायचे. एकदा कुणी तरी चढी बोली बोलत गेलं तरी ते हटले नाहीत. मला समजेना, स्वतःचाच घड, तो पैसे देऊन कशाला? आईला विचारलं. ती म्हणाली, "तो घड न्हय रे, तो इस्कोल घेता." तो शाळा घेतोय. त्या वर्षी पावणीच्या पैशांतून जगाचा नकाशा आला, कापडावर चिकटवलेला, खालीवर काळ्या दांड्या असलेला. काकांचा मुलगा माझ्या वर्गात होता. नकाशा पहिल्यांदा उलगडायचा मान बाईंनी त्याला दिला.

पेडण्याहून, पुन्हा मी

फळ्याचं वाचताना माझ्या बोटांना त्या पानांचा वास आला. आमच्याकडे रसात दासणीची फुलंही चुरगाळून घालत. आज फळा रंगवायला रंगाचा डबा मिळतो, तेव्हा पानं मिळत होती.

काणकोण, १९७८ ते ८२

सगळ्यांच्या आठवणी गोड आहेत. माझी एक तशी नाही. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या वाड्यातल्या चार मुलांना शाळेच्या घागरीला हात लावता येत नसे. तहान लागली की उभं राहायचं, दुसऱ्या मुलाने वरून ओतायचं, आपण ओंजळ धरायची. ओतणारा माझा मित्रच असायचा, खेळात माझ्याच बाजूला. तो घाईने ओतायचा आणि शर्ट भिजायचा. घरी आई विचारायची, शर्ट कसा भिजला? मी म्हणायचो, पाऊस. एकदा मार्चमध्येही पाऊस म्हणालो. आई काही बोलली नाही.

तिसरीत नव्या बाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात घागरीतलं पाणी वाटून द्यायचं काम मला दिलं. एका मुलाने घरी सांगितलं, दोन माणसं शाळेत येऊन बोलून गेली. काम माझ्याकडेच राहिलं. मी रोज सकाळी घागर चिंच आणि राखेने घासायचो, आरशासारखी.

पेडण्याहून

हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. हे इथे असायलाच हवं. आमच्या घागरीतून पाणी कोण काढायचं ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचा अर्थ मला आज लागला.

बार्देश, १९७० ते ७४

आम्ही ख्रिस्ती. जवळ इंग्रजी शाळा नव्हती म्हणून पायने, म्हणजे वडिलांनी, मला आणि भावाला सरकारी मराठी शाळेत घातलं. घरातलं सगळं रोमी, म्हणजे रोमन, लिपीत, माय प्रार्थनेचं पुस्तकही रोमीतून वाचायची. त्यामुळे मी एकाच वर्षी दोन लिप्या शिकले, दिवसा देवनागरी आणि रात्री तेरसानंतर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेनंतर, रोमी. 'ळ' लिहायला मला फार आवडायचा, कारण रोमीत त्याला स्वतःचं अक्षरच नाही.

चवथीच्या सुट्टीनंतर बाई सगळ्या वर्गासाठी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणायच्या. नाताळात माय कुसवार, म्हणजे सणाचा फराळ, पाठवायची, दोदोल, कुलकुलां आणि आमच्याही नेवऱ्याच. बाई दोन्हींची सारणं ताटात मांडून विचारायच्या, यात काय, त्यात काय, आणि मग मराठी नावं फळ्यावर लिहून घ्यायच्या. 'खोबरं' हा शब्द मी तसा शिकले.

आमच्या शेजारणीचा नवरा मुंबईला गिरणीत होता. त्याची पत्रं मराठीत यायची. तिला वाचता येत नव्हतं. दुसरीपासून ती पत्रं मी वाचून दाखवायचे. "सर्व कुशल आहे" या ओळीला ती दर वेळी हात जोडायची आणि मला परत वाचायला लावायची.

तिसवाडी, दिवाडी बेट, १९८१ ते ८५

आमचे सर जुन्या गोव्याकडून फेरीबोटीने यायचे. पावसात नदीला ओढ असली की बोट उशिरा. मोठी मुलं धक्क्यावर उभी राहून बघायची आणि सरांची छत्री दिसली की धावत येऊन सांगायची. दिसली नाही तर आम्ही स्वतःच पाढे सुरू करायचो, कारण सर बोटीतून उतरताना कान देतात असा आमचा पक्का समज होता. शाळा धक्क्यापासून लांब, ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडत होतो.

सांगे, कुर्डी, १९७० ते ७४

माझी शाळा पाण्याखाली आहे. साळावली धरणात आमचं अख्खं गाव गेलं. आज दक्षिण गोव्याच्या नळांना जे पाणी येतं, ते आमच्या शेतांवर आणि घरांवर साठलेलं पाणी आहे. गावाला वाडें आणि वालकिणी इथे जमिनी दिल्या, तिथे आम्ही राहतो. कुर्डी म्हणजे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, एवढं बाहेरच्यांना माहीत असतं. आत देऊळ होतं, चॅपेल होतं, मुसलमानांची घरं होती आणि त्या सगळ्यांच्या मुलांची एक शाळा होती.

मे महिन्यात पाणी उतरतं आणि गाव वर येतं. आम्ही सगळे जातो. सोमेश्वरापाशी जमतो, पूजा होते, जेवणं होतात. ख्रिस्ती लोकांचाही दिवस असतो. मग जो तो आपापलं घर शोधायला निघतो. घर कसलं, जोतं. मी शाळेकडे जातो.

शोधणं सोपं नाही. चिखल वाळून भेगाळलेला असतो, सगळीकडे शिंपले, एक रंग. खुणेला फणसाचं एक काळं खोड आहे. तिथून शाळा साठ पावलं, हे मला पक्कं आठवतं, कारण सुट्टीत आम्ही ती मोजायचो. पण ती सात वर्षांच्या मुलाची पावलं. माझी आताची पावलं टाकली तर शाळा ओलांडून पुढे जातो. म्हणून मी नातीला घेऊन जाऊ लागलो. तिने साठ मोजली आणि ती थेट पायरीवर जाऊन उभी राहिली. चिऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत, मधली खोलगट. तिच्यावर आम्ही पेन्सिलीला टोक काढायचो, त्याने झिजलेली.

दोन वर्षांपूर्वी त्या पायरीच्या सांदीत माती उकरताना पाटीवरची पेन्सिल सापडली. बोटाच्या पेराएवढा तुकडा. कुणाची असेल काय सांगू, माझी असेलच असं नाही. ओली होती. उन्हात ठेवली, जेवून आल्यावर नातीने ती चिऱ्यावर ओढली. उमटली. इतकी वर्षं पाण्यात राहून पांढरीशुभ्र रेघ. नातीने त्या दगडावर तिचं नाव लिहिलं, मी माझं लिहिलं. पंधरा दिवसांनी पाऊस लागला.

डिचोली आणि सत्तरी, १९८८ ते २०२१, निवृत्त शिक्षिका

तुमच्या बाईंचं ते 'घरात आंबो, शाळेत आंबा' वाचून लिहायला बसले. मी शिकवण्यातली निम्म्याहून अधिक वर्षं एकशिक्षकी शाळांतून काढली. एक खोली, चार इयत्ता. लोकांना वाटतं, ते कसं जमतं? फळ्याचे खडूने चार भाग करायचे. दुसरीला शुद्धलेखन, तिसरीला गणितं, चौथीला वाचायला धडा लावून द्यायचा आणि आपण पहिलीपाशी जमिनीवर बसायचं. पहिलीला सोडून उठता येत नाही. तिथे चिंचोके मोजणं चालू असताना कान चौथीकडे. वाचणारा अडखळला की मान न वळवता शब्द सांगायचा. यातून एक चांगलं व्हायचं. पहिलीची मुलं चारही वर्गांचं ऐकत वाढायची.

मी लागले त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळांना अनुदान मिळेल ते कोकणी आणि मराठीतून शिकवणाऱ्यांनाच. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान सुरू झालं. त्या काळात किती मोर्चे, किती भांडणं झाली, सगळ्यांना माहीत आहे. माझ्या खोलीत त्याचा परिणाम जूनमध्ये दिसायचा, पहिलीची चटई लहान होत गेली.

मे महिन्यात मी घरोघरी फिरायचे, यंदा कुणाचं मूल सहा वर्षांचं होतंय बघायला. एका घरात गेले, तिथली सून माझ्याच हाताखाली चौथी झालेली. चहा केला, पाया पडली आणि म्हणाली, "बाई, मला वाचायला येतं ते तुमच्यामुळे. पण पोराला इंग्रजीतच घालणार. तुम्ही रागावू नका." मी रागावले नाही. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. पण पटत नाही ते सांगते. घरात कोकणी बोलणारं मूल मराठीपर्यंत चार पावलांत पोचतं आणि पहिलीच्या दिवाळीपर्यंत वाचायला लागतं. त्याच मुलाला इंग्रजी शाळेत तिसरीत अक्षरं जुळवताना मी पाहिलंय. पाया घरच्या भाषेजवळचा असावा आणि इंग्रजी त्याच शाळेत उत्तम शिकवावं, यासाठी गावातल्या शाळेला चांगले शिक्षक द्यावेत. त्याऐवजी आम्ही पटसंख्येचे तक्ते भरत राहिलो. एका वर्षी तर निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला मला इतके दिवस नेलं की मुलांना आहार देणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाची बाई पाव-भाजी वाटून झाल्यावर त्यांचे पाढे घेत बसायची. तिचं शिक्षण चौथी. पाढे मात्र चोख.

शेवटच्या वर्षांत माझ्या वर्गात निम्मी मुलं बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांची होती. कुणी घरी कन्नड बोलायचं, कुणी हिंदी. एक मुलगी पहिल्या दिवशी नीरु, नीरु म्हणत रडत होती. मी तिला घागरीपाशी नेलं. पेला हातात देऊन म्हटलं, घरात नीरु, शाळेत पाणी. तुमच्या बाईंना मी ओळखत नाही, पण मीही तेच म्हणत होते.

मुरगाव, १९७२ ते ७६

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, आंब्याला टांगलेला. मधल्या सुट्टीच्या वेळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून जायचा. त्याचा भोंपू आधी वाजला की आमची सुट्टी आधी, इतके मास्तर दयाळू. पाच पैशांत गरम उंडो, म्हणजे गोल पाव, दोघांत अर्धा अर्धा.

धारबांदोडा, सध्या पालक

मी माजी विद्यार्थिनी आणि आता दोन मुलांची आई, मुलं त्याच शाळेत. आमची शाळा अजून भरते. अकरा मुलं आहेत, शिक्षिका एकच, पण रोज वेळेवर येतात. पालकांनी मिळून गळके नळे बदलले. येत्या नवरात्रात सरस्वतीपूजन आहे, नाटक बसतंय, झाडाची भूमिका करायला एक मूल कमी पडतंय म्हणून माझा तीन वर्षांचा धाकटा झाड होणार आहे.

एक विचारायचं होतं. फळा फार पांढरा पडलाय. वर लिहिलंय तसा पानांचा रस काढून करावा म्हणतोय, मुलांना दाखवायलाही होईल. पण आमच्यात कुणाला नीट आठवत नाही. सेलची पूड किती आणि कोळसा किती? हल्लीचे सेल चालतात का?

सत्तरी

सेल नकोत, हल्लीच्या सेलमध्ये काय असतं कोण जाणे, मुलांच्या हाताला लागायला नको. नुसता कोळसा चालेल, वस्त्रगाळ करून घ्या. ओंजळभर पुडीला टोपलीभर पानं. रस पातळ वाटला तर पानं वाढवा, पाणी अजिबात नको. आणि हात वरून खाली.

पेडण्याहून

पूजेच्या आदल्या रविवारी मी येते. आमच्या बंद शाळेच्या मागे दुदयाचा वेल पसरलाय, कुणी लावलेला नाही, असाच आलाय. टोपली भरून पानं आणते.